५०० वॅट घ्यावेत की ५ वर भागवावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी नागपूरच्या मानेवाडा परिसरात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो आणि सहा वर्षांपासून जनरल ग्रेडचा परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ प्रक्षेपक, आहे. ४० मीटर लहरलांबीच्या पट्ट्यावर १०० वॅटच्या सेटवर माझे समाधान होते. पण गेल्या हिवाळ्यात ६३० मीटर आणि २२०० मीटर या अगदी खालच्या पट्ट्यांचे वेड लागले. घरामागच्या अंगणात १२ मीटर उंचीचा खांब आहे आणि त्याच्या टोकावरून शेजारच्या भावाच्या गच्चीपर्यंत ३० मीटर आडवी तार नेता येते. ज्यांच्याकडून मी मोर्स शिकलो ते ज्येष्ठ म्हणतात, की खालच्या पट्ट्यांत ५०० वॅटशिवाय पाय ठेवू नये. अमरावतीचा मित्र म्हणतो, ५ वॅट पुरे, बाकी सगळा हव्यास. वेतन आयोगाच्या थकबाकीचे पैसे हाती आले आहेत आणि ओळखीतून ५०० वॅटचा एचएफ (लघुलहरींचा) ॲम्प्लिफायर मिळतो आहे. घ्यावा का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. ॲम्प्लिफायर घेऊ नका. तुमचे गुरुजी चुकीचे सांगतात म्हणून मी हे म्हणत नाही. ते २२०० मीटरविषयी बरोबर बोलत आहेत आणि तुमचा मित्र ६३० मीटरविषयी बराचसा बरोबर बोलतो आहे. दोघांच्या बोलण्यातला पट्टा वेगळा आहे आणि ‘वॅट’ या शब्दाचा अर्थही वेगळा आहे, एवढाच काय तो घोळ. शिवाय जो ॲम्प्लिफायर तुम्हाला मिळतो आहे तो या दोन्हींपैकी कोणत्याच पट्ट्यावर उपयोगाचा नाही. १.८ ते ३० मेगाहर्ट्झसाठी बांधलेल्या ॲम्प्लिफायरमधल्या फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरना इतक्या खालच्या वारंवारतेवर पुरेसे इंडक्टन्स उरत नाही, त्यामुळे शक्ती पुढे जाण्याऐवजी कोअर तापतो आणि ट्रान्झिस्टर जातात. त्याच्या आउटपुटचे फिल्टरही ४७५ किलोहर्ट्झच्या, म्हणजे ६३० मीटरच्या, हार्मोनिक्सना (दुप्पट, तिप्पट वारंवारतेवर उमटणाऱ्या नको त्या संकेतांना) अडवत नाहीत. दुसरा हार्मोनिक ९५० वर आणि तिसरा १४२५ किलोहर्ट्झवर, म्हणजे थेट मध्यमलहरींच्या पट्ट्यात, शेजाऱ्याच्या रेडिओत जाऊन पडेल. तुमचा १०० वॅटचा सेटही या पट्ट्यांवर ऐकू शकत असला तरी बहुधा बोलू शकणार नाही, तेव्हा ट्रान्समीटर वेगळाच करावा लागेल, हे धरून चला.

आता वॅटचा अर्थ पाहू. एचएफवर आपल्याला सवय असते, की सेटच्या मीटरवर १०० दिसले म्हणजे १०० च्या आसपास हवेत गेले, कारण ४० मीटरचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली आडवी तार, लहरीच्या लांबीच्या मानाने पुरेसा मोठा असतो. खालच्या पट्ट्यांत ही सवय मोडावी लागते. ४७५ किलोहर्ट्झवर लहरीची लांबी ६३० मीटर, म्हणजे पाव लहरीचा खांब १५८ मीटर उंच हवा. १३७ किलोहर्ट्झवर तोच खांब ५४७ मीटर हवा. तुमचा आहे १२ मीटर. अशा बुटक्या अँटेनाचा विकिरण-रोध, म्हणजे शक्ती खरोखर लहरींच्या रूपाने बाहेर टाकणारा रोध, वर आडवी तार चांगली असेल तर १५८० गुणिले उंची आणि लहरलांबी यांच्या गुणोत्तराचा वर्ग, या सूत्राने काढता येतो. तुम्ही विज्ञानाचे शिक्षक आहात, म्हणून आकडेमोड तुमच्यासमोरच करतो. ४७५ किलोहर्ट्झवर हा रोध फार तर ०.५७ ओहम येतो आणि १३७ किलोहर्ट्झवर ०.०४७ ओहम. याच विद्युत्प्रवाहाच्या वाटेवर मातीचा, अर्थिंगचा आणि अँटेना जुळवणाऱ्या कॉइलचा रोधही एकामागोमाग एक बसलेला असतो. घराच्या अंगणात तो ६३० मीटरवर ४० ओहम आणि २२०० मीटरवर ८० ओहम धरणे वावगे होणार नाही. म्हणजे दर १०० वॅटपैकी पहिल्या पट्ट्यावर सुमारे १.४ वॅट बाहेर जातात आणि दुसऱ्यावर ०.०६ वॅट. उरलेले सगळे तुमच्या अंगणातली माती कोमट करण्यात खर्च होतात.

कायद्याची मर्यादाही या हवेत जाणाऱ्या शक्तीलाच घातलेली आहे. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी सेवेला १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ आणि २०१२ च्या परिषदेने ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हे तुकडे दिले, ते दुय्यम दर्जाने आणि १ वॅट ईआयआरपी या कमाल मर्यादेत. ४७२ ते ४७९ च्या पट्ट्यावर काही भागांत ती ५ वॅटपर्यंत वाढवण्याची मुभा आहे. ईआयआरपी म्हणजे सर्व दिशांना सारखी पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या हिशेबात मोजलेली शक्ती. बुटक्या उभ्या अँटेनाला त्या हिशेबात सुमारे तिपटीचा लाभ मिळतो, म्हणून १ वॅट ईआयआरपीसाठी प्रत्यक्षात ०.३३ वॅट बाहेर पडले की पुरे. मर्यादा ट्रान्समीटरवर नसून हवेत जे जाते त्यावर आहे, ही गोष्ट नीट मनात बसली की तुमच्या दोन्ही सल्लागारांचे भांडण आपोआप मिटते.

६३० मीटरवर ०.३३ वॅट बाहेर काढायला तुमच्या अँटेनाला २३ ते २५ वॅट लागतील. तिथे ५०० वॅट घातले तर ईआयआरपी २१ वॅटच्या घरात जाईल, म्हणजे १ वॅटच्या मर्यादेच्या वीसपटीहून जास्त. ती शक्ती उपयोगाची नाहीच, उलट परवाना धोक्यात घालणारी आहे. मित्राच्या सांगण्याप्रमाणे ५ वॅट घातले तर ०.२१ वॅट ईआयआरपी मिळेल, जे मर्यादेपेक्षा फक्त ७ डेसिबेलने कमी आहे, आणि ७ डेसिबेल म्हणजे एस-मीटरवर, म्हणजे संकेताचा जोर दाखवणाऱ्या सेटवरच्या मीटरवर, एका घरापेक्षा थोडे जास्त. २२०० मीटरवर मात्र तेच ५ वॅट ९ मिलिवॅट होऊन बाहेर पडतात आणि ५०० वॅट घालूनही ईआयआरपी ०.९ वॅटच्या आतच राहते. गुरुजी खोटे बोलत नाहीत ते यासाठी. त्या पट्ट्यावर शेकडो वॅट ही चैन नाही. कायदेशीर मर्यादेपर्यंत पोहोचायचा तोच रस्ता आहे.

नागपूरकरांना मोठ्या शक्तीचे अप्रूप असणे मी समजू शकतो. १९८८ मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय सेवा याच शहराच्या १५६६ किलोहर्ट्झवरील १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून रात्री देशभर ऐकू येई, आणि माझ्या पिढीतल्या अनेकांच्या मनात ‘दूर जायचे तर किलोवॅट’ हे समीकरण तिथूनच पक्के झाले. पण त्या प्रक्षेपकामागचे मनोरे आणि जमिनीत गाडलेले तांब्याच्या तारांचे जाळे आपण पाहिलेले नसते, आपल्याला फक्त किलोवॅटचा आकडा आठवतो. स्वीडनमधल्या ग्रिमेटनचे १९२४ पासूनचे केंद्र १७.२ किलोहर्ट्झवर २०० किलोवॅटने संदेश पाठवत असे. त्याच्या अँटेनासाठी १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे उभारावे लागले. खालच्या वारंवारतेवर शक्तीबरोबर लोखंड, तांबे आणि जमीन हे सगळे वाढवावे लागते. नुसती शक्ती वाढवणे म्हणजे मोटेला भोक असताना बैलांची दुसरी जोडी जुंपणे.

म्हणून पैसे कुठे घालायचे, तर जमिनीत. याविषयी मला जरा सविस्तर सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडची काळी माती याबाबत फार शिकवते. पावसाळ्यात ती ओल धरते, फुगते आणि अर्थच्या सळईला घट्ट मिठी मारते. मे महिन्यात तीच माती आकसते आणि भेगाळते. माझ्या घरामागे मी तांब्याच्या तीन सळया ठोकल्या होत्या. सप्टेंबरात अँटेनाचा एकूण रोध मोजून मी वहीत लिहून ठेवला आणि फार खूश झालो. पुढच्या मे महिन्यात ट्रान्समीटरची तीच शक्ती असताना अँटेनातला प्रवाह खूप कमी दिसू लागला, तेव्हा आधी मी कॉइलला, मग जोडांना, मग मीटरला दोष दिला. तीन दिवसांनी खाली वाकून सळईकडे पाहिले, तर सळईभोवती बोट सहज जाईल एवढी गोल फट पडलेली होती. सळई मातीत नसून हवेत उभी होती. रोध जवळजवळ दुप्पट झाला होता, म्हणजे माझी निम्मी शक्ती गेली होती, आणि ती परत मिळवायला कोणताही ॲम्प्लिफायर लागणार नव्हता.

त्या वर्षी मी सळयांवर भिस्त ठेवणे सोडले. अंगणात मिळेल त्या दिशेने, वीतभर खोल, १० ते १५ मीटरच्या साध्या तांब्याच्या तारा पुरल्या, बोअरवेलच्या लोखंडी केसिंगला जाड पट्टीने जोडले आणि खांबाच्या बुडाशी सगळ्या तारा एकत्र आणल्या. तुमच्याकडे भावाचेही अंगण आहे, ही केवढी मोठी सोय आहे. रोध ४० वरून २० ओहमवर आला तर त्याच ट्रान्समीटरमधून दुप्पट शक्ती बाहेर पडेल. उंचीचा हिशेबही असाच उदार आहे: विकिरण-रोध उंचीच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १२ ऐवजी १७ मीटरचा खांब केला तर शक्ती पुन्हा दुप्पट. दोन्ही मिळून चौपट झाली, म्हणजे २५ वॅटच्या ठिकाणी ६ वॅट पुरतील, आणि मग अमरावतीच्या मित्राचे ५ वॅट जवळजवळ अक्षरशः खरे ठरतील. अँटेना गच्चीवरून मात्र जोडू नका. स्लॅबमधल्या सळया आणि भिंती बरेच काही गिळतात, आणि अर्थची तार जितकी लांब तितका तोटा.

मोठ्या शक्तीची दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. तुमच्या १२ मीटर उभ्या आणि ३० मीटर आडव्या तारेची धारिता अंदाजे २२० पिकोफॅरड होईल. १३७ किलोहर्ट्झवर तिला जुळवायला ६ मिलिहेन्रीची कॉइल लागेल, आणि ५०० वॅटला अडीच अँपिअरचा प्रवाह धरला तर तारेवर सुमारे १३,००० व्होल्ट उभे राहतील. ६३० मीटरवर २५ वॅटलाही हा आकडा ११०० ते १२०० व्होल्ट येतो. १३,००० व्होल्ट काय करतात ते मी एका रात्री पाहिले आहे. पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेल्या कॉइलच्या वरच्या टोकाला आधी निळसर मिणमिण दिसली, मग फसफस असा बारीक आवाज आला आणि मी स्विचपर्यंत पोहोचेपर्यंत पाइपाला काळा व्रण पडून जळक्या प्लॅस्टिकचा वास अंगणभर झाला होता. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर कुरडया वाळत असतात, लहान मुले राखण करतात, रात्री घरची माणसे अंथरुणे टाकतात. तुमच्या तारेचे दुसरे टोक भावाच्या गच्चीवर आहे. ती तार कोणाचाही हात किंवा वाळत घातलेली साडी पोहोचणार नाही एवढी वर असल्याशिवाय, आणि घरातल्या प्रत्येकाला ट्रान्समीटर केव्हा चालू असतो हे ठाऊक असल्याशिवाय, ५ वॅटसुद्धा घालू नका.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात एकदाही उल्लेख नाही ती विचारतो: तुम्हाला ऐकू किती येते? या पट्ट्यांवर बहुतेक संपर्क अडतात ते ऐकणाऱ्याच्या बाजूला. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचे इन्व्हर्टर, कूलरच्या मोटारीचा रेग्युलेटर हे सगळे नेमक्या याच वारंवारतांवर गोंगाट करतात. एक साधा प्रयोग या आठवड्यातच करा. सेट बॅटरीवर चालवा, ४७५ किलोहर्ट्झ लावा, आवाजाची पातळी लिहून ठेवा आणि मग घराचा मेन स्विच बंद करा. पातळी घसरली तर दोषी तुमच्याच घरात आहे. एकेक उपकरण चालू करत तो सापडेल. घसरली नाही तर हातात मध्यमलहरींचा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीतून फिरा, तो ज्या घरासमोर करकरेल तिथे नम्रपणे बोला. ऐकण्यासाठी ट्रान्समीटरची मोठी तार न वापरता एक मीटर व्यासाचे फिरवता येणारे लूप, म्हणजे तारेचे वेटोळे, वापरा. ते गोंगाटाच्या दिशेला आडवे करून त्याला बरेच दाबता येते. गोंगाट १० डेसिबेलने खाली आला, तर समोरच्याने शक्ती दहापट केल्यासारखेच आहे, आणि हा लाभ तुम्हाला ऐकू येणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या बाबतीत मिळतो. स्थानिक मध्यमलहरी केंद्राच्या जोराने सेट भांबावत असेल, तर आधी एक लो-पास फिल्टर, म्हणजे फक्त खालच्या वारंवारता पुढे सोडणारा गाळणीसारखा भाग, घाला.

शक्तीला आणखी एक पर्याय आहे, तो म्हणजे वेळ. २२०० मीटरचा पट्टा अवघा २.१ किलोहर्ट्झ रुंद आहे, त्यात एका माणसाचे बोलणेही नीट मावत नाही. म्हणून इथे संथ पद्धती चालतात. क्यूआरएसएसमध्ये मोर्सचा एक डॉट ३ सेकंदांपासून ६० सेकंदांपर्यंतही ताणतात आणि संगणकाच्या पडद्यावर तो रेघ म्हणून वाचतात. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले हॅम जो टेलर यांची २००८ मधली डब्ल्यूएसपीआर पद्धत दोन मिनिटांत सहा हर्ट्झच्या रुंदीत कॉल साइन (हॅमचे ओळखनाव), ठिकाण आणि शक्ती एवढेच पाठवते, आणि २५०० हर्ट्झच्या गोंगाटापेक्षा २८ डेसिबेल खाली बुडालेला संकेतही उकलते, जिथे कानाला काहीही कळत नाही. त्यांच्याच चमूच्या एफएसटी४डब्ल्यू पद्धतीत एक प्रक्षेपण १२० सेकंदांपासून १८०० सेकंदांपर्यंत लांबवता येते. १२० चे १८०० केले, म्हणजे वेळ १५ पट केला, की सुमारे १२ डेसिबेल पदरात पडतात. तेवढेच मिळवायला २५ वॅटचे ३७५ वॅट करावे लागले असते. ज्याच्याकडे हिवाळ्याची मोठी रात्र आहे त्याने घाई का करावी?

रात्र म्हणताना मी हिवाळ्याचीच म्हणतो आहे. एप्रिलपासून गडगडाटी ढगांचा खडखडाट सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत तो पूर्णपणे जात नाही. हजारो किलोमीटरवरच्या विजांचा आवाजही या पट्ट्यांत ऐकू येतो आणि त्यात ५०० वॅटचेही पाणी होते. सूर्यास्तानंतर डी थर, म्हणजे या लहरी शोषून घेणारा वातावरणाच्या वरच्या भागातला विद्युतभारित थर, विरघळतो आणि ६३० मीटर खुला होतो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यरात्री तुमच्या खऱ्या कामाच्या आहेत. पहिला हिवाळा फक्त ऐका. विमानतळांचे एनडीबी नावाचे दिशादर्शक २०० ते ४०० किलोहर्ट्झच्या आसपास मोर्समध्ये आपली अक्षरे सतत पाठवत असतात. रोज रात्री कोणती अक्षरे मिळाली आणि ती किती लांबची होती याची नोंद ठेवा, कारण आपल्या कानाची याहून चांगली परीक्षा नाही. जपान आणि ऑस्ट्रेलियातले हौशीही या पट्ट्यांवर आहेत. जपान इथून सुमारे ६००० किलोमीटर आहे, ते अंतर अशक्य कोटीतले नाही.

बोलण्याची वेळ येईल तेव्हा आधी परवान्याचे परिशिष्ट उघडा. त्यात छापलेले पट्टे आणि शक्ती हीच तुमची मर्यादा. त्यात हा पट्टा नसेल तर दिल्लीतल्या दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडे लेखी विचारणा करा आणि उत्तर येईपर्यंत फक्त ऐकत राहा. आणखी एक गोष्ट आपल्या भागाला विशेष लागू आहे. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे नागपूरभोवती उच्चदाबाच्या वाहिन्यांचे जाळे दाट आहे, आणि अशा वाहिन्यांवर पीएलसीसी, म्हणजे विजेच्या तारांवरूनच संदेश नेणाऱ्या, यंत्रणेचे संरक्षणाचे संकेत ५०० किलोहर्ट्झच्या खालीच धावतात. अमेरिकेत हौशींना हे पट्टे देताना अशा वाहिनीपासून एक किलोमीटर दूर राहण्याची अट घातली आहे. तुमच्या घराच्या जवळून मोठे टॉवर जात असतील तर तोच नियम आपणहून पाळा.

तेव्हा थकबाकीचे पैसे असे वापरा: पुरण्यासाठी तांब्याची तार आणि केसिंगची पट्टी, एक लूप, कॉइलसाठी जाड तार आणि पीव्हीसीऐवजी चांगला विद्युतरोधक सांगाडा, अँटेनातला प्रवाह दाखवणारा आरएफ अँमीटर, आणि शेवटी ६३० मीटरसाठी मॉसफेटचा २५ ते ५० वॅटचा साधा क्लास डी ट्रान्समीटर, लो-पास फिल्टरसह. अँमीटरला यात मी सर्वांत वरचे स्थान देईन, कारण ज्याच्या वर्गाला विकिरण-रोधाने गुणले की बाहेर पडणारी शक्ती मिळते तो एकमेव खरा आकडा तोच दाखवतो: तुमच्या अंगणात ६३० मीटरवर पाऊण अँपिअर म्हणजे सुमारे एक वॅट ईआयआरपी. एक-दोन हिवाळे असे गेले, जमिनीचा रोध तिन्ही ऋतूंत तुम्हाला पाठ झाला आणि तरीही २२०० मीटरने ओढ लावली, तर गुरुजींकडे जा आणि त्यांना ५०० वॅट कसे बांधायचे ते विचारा. तेव्हा त्यांचा सल्ला तुमच्या खऱ्या उपयोगी पडेल.

तारा पुरायचे काम पावसाळा संपता संपता, माती ओली असतानाच उरका, कारण वाळलेल्या काळ्या मातीत कुदळ चालत नाही. आणि खांबाच्या बुडाशी एक जाड चाकूस्विच बसवा, म्हणजे सेट बंद करून उठताना अँटेना थेट अर्थला जोडता येईल. एप्रिलमधली पहिली वावधूळ तुम्ही शाळेत असतानाच येण्याची शक्यता जास्त आहे.